विमान कुणाचं, पैसा कुणाचा

अनेक विमानांत शिरताना दाराच्या चौकटीवर किंवा कॉकपिटच्या भिंतीवर धातूची एक छोटी पाटी दिसते. सामान सावरत आपली जागा शोधणारा प्रवासी ती वाचत नाही. भाडेकरारातल्या कलमानुसार ती लावलेली असते आणि विमानाचा कायदेशीर मालक कोण, हे तिच्यावर कोरलेलं असतं. हा मालक बहुधा डब्लिनमधली एखादी लीजिंग कंपनी असतो, नाहीतर अमेरिकेतल्या एखाद्या बँकेचा विश्वस्त विभाग. शेपटीवर ठळक रंगात रंगवलेलं नाव भाडेकरूचं असतं. भारतात उडणाऱ्या प्रवासी विमानांपैकी 80 टक्क्यांहून अधिक विमानं अशी भाड्याची आहेत. जगभराचा विचार केला तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं.

जून 2023 मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात इंडिगोने एअरबसकडे एका दमात 500 विमानांची मागणी नोंदवली. चार-पाच हजार रुपयांचं तिकीट विकणारी आणि दर तिकिटामागे काहीशे रुपये सुटले तरी समाधान मानणारी कंपनी एवढी विमानं कोणत्या पैशाने घेते? प्रस्तुत पुस्तक या एका प्रश्नाभोवती उभं आहे. स्वस्त विमानसेवांवर एरवी जे लिहिलं जातं त्यात जेवणाचा ट्रे काढून टाकणं, एकाच जातीची विमानं वापरणं, पंचवीस मिनिटांत विमान पुन्हा उडवणं याच युक्त्या असतात. त्या खऱ्याच आहेत. पण काटकसरीने खर्च वाचतो, नवं विमान येत नाही. ते आणायला दुसऱ्याचा पैसा लागतो, आणि तो पैसा कोणत्या अटींवर आला यावर कंपनी जगते किंवा बुडते.

या व्यवसायाची मुळं टेक्सासमध्ये आहेत. साउथवेस्ट एअरलाइन्सने जून 1971 मध्ये प्रत्येकी 11 डॉलरने साडेसहा लाख समभाग विकले आणि त्याच महिन्यात डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ यांच्यात उड्डाणं सुरू केली. पुढच्याच वर्षी पैसा इतका आटला की चार बोइंग 737 पैकी एक विकावं लागलं. उरलेल्या तीन विमानांवर चार विमानांचं वेळापत्रक चालवायचं म्हणून जमिनीवरचा मुक्काम दहा मिनिटांवर आणला गेला. स्वस्त विमानसेवेचा पुढे जगभर गिरवला गेलेला हा धडा भांडवलाच्या टंचाईतून जन्मला, ही गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. साउथवेस्ट त्यातून सावध झाली. पुढची अनेक दशकं तिने हात राखून कर्ज घेतलं आणि बहुतेक विमानं स्वतःच्या मालकीची ठेवली.

अटलांटिकच्या पलीकडे दुसरी परंपरा आकाराला आली. आयर्लंडमधल्या शॅनन इथे टोनी रायन यांनी 1975 मध्ये गिनेस पीट एव्हिएशन ही विमानं भाड्याने देणारी कंपनी काढली. तिच्या दोन वर्षं आधी अमेरिकेत स्टीव्हन उदवार-हेझी आणि गोंडा पिता-पुत्रांनी आयएलएफसी सुरू केली होती. विमान उडवणारा वेगळा आणि विमान बाळगणारा वेगळा, ही आज सर्वमान्य झालेली विभागणी या दोन कंपन्यांनी रुजवली. गिनेस पीटची 1992 ची समभाग विक्री फसली आणि कंपनी कोसळली, पण तिथे तयार झालेली माणसं, वकील आणि करकायदे आयर्लंडमध्येच राहिले. म्हणून आजही पाटीवर डब्लिनचं नाव येतं. रायन कुटुंबानेच उभी केलेली रायनएअर मात्र पुढे उलट वाटेने गेली. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर जगभरच्या कंपन्या विमानांच्या मागण्या रद्द करत होत्या. अशा वेळी, जानेवारी 2002 मध्ये, रायनएअरने बोइंगकडे 100 विमानांची पक्की मागणी नोंदवली. कारखाना रिकामा पडण्याच्या भीतीने बोइंगने दिलेली सवलत हेच तिचं पुढच्या दशकाचं भांडवल ठरलं. अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेच्या हमीमुळे कर्जही स्वस्तात मिळालं. त्याच वर्षी ब्रिटनच्या ईझीजेटने एअरबस आणि बोइंगला आमनेसामने बसवून 120 ए-319 विमानांचा सौदा पदरात पाडून घेतला.

मंदीत खरेदी करायची आणि मालकी आपल्याकडे ठेवायची, हा या पंथाचा आचार. त्यासाठी तिजोरीत रोकड आणि संचालकांच्या अंगी धीर लागतो. रोकड नसलेल्यांचा पंथ भाड्याचा.

भाड्याच्या पंथातली सर्वांत महत्त्वाची युक्ती म्हणजे विमान विकून तेच परत भाड्याने घेणं. व्यवसायात तिला सेल अँड लीजबॅक म्हणतात. निव्वळ हिशेबासाठी समजू, की मोठ्या मागणीच्या जोरावर कंपनीने एक विमान 380 कोटींना ठरवलं. सुटं विमान घेणाऱ्याला तेच 430 कोटींना पडतं. विमान कारखान्यातून बाहेर पडतं त्याच दिवशी कंपनी ते लेसरला, म्हणजे भाड्याने देणाऱ्या कंपनीला, 425 कोटींना विकते आणि सहा-आठ वर्षांच्या करारावर परत घेते. लेसरला बाजारापेक्षा थोडं स्वस्त विमान आणि ठरलेलं भाडं मिळतं. कंपनीच्या हाती 45 कोटी येतात, बांधणीच्या काळात कारखान्याला भरलेली आगाऊ रक्कम मोकळी होते आणि विमानही तिच्याच सेवेत राहतं. करार संपला की जुनं विमान परत, नवं दारात. मोठ्या देखभालीचा पहिला खर्च येण्याच्या सुमारास विमान मालकाकडे गेलेलं असतं. असं मोठ्या संख्येने करणाऱ्या कंपनीचा ताफा कायम तरुण राहतो, इंधन कमी लागतं आणि विमानं खोळंबून राहत नाहीत.

पण या 45 कोटींची चटक वाईट असते. तो उड्डाणांतून आलेला नफा नाही, पुढच्या भाड्यात त्याची भरपाई करायची असते. शिवाय तो चालू ठेवायचा तर नवी विमानं येतच राहायला हवीत. ज्या कंपन्यांचा नफा विमानं आली की दिसतो आणि विमानं थांबली की नाहीसा होतो त्यांच्याकडे संशयाने पाहावं, असं पुस्तकात जागोजागी बजावलं आहे, आणि ते योग्यच आहे.

भारतात ही युक्ती कुणी सर्वांत चोख वापरली असेल तर इंडिगोने. राहुल भाटिया आणि राकेश गंगवाल यांनी 2005 मध्ये, एकही उड्डाण झालेलं नसताना, एअरबसकडे 100 विमानांची मागणी नोंदवली. पहिलं विमान 4 ऑगस्ट 2006 ला दिल्लीहून गुवाहाटीमार्गे इंफाळला गेलं. पुढे 2011 मध्ये 180, 2015 मध्ये 250, 2019 मध्ये 300 आणि 2023 मध्ये 500 अशी मागणी चढत गेली. कंपनी नोव्हेंबर 2015 मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा आधीच लाभांश काढून घेतला गेल्यामुळे तिचं निव्वळ मूल्य उणे झालं होतं. तरीही 765 रुपये दराने सुमारे 3,000 कोटींचे समभाग हातोहात खपले. गुंतवणूकदारांनी विमानांची मालकी विकत घेतली नव्हती, कारण मालकी फारशी नव्हतीच. स्वस्तात विमान मिळवण्याचा हक्क आणि वेळेवर भाडं भरणारी कंपनी म्हणून लेसरांपुढे असलेली पत, या दोन गोष्टींची ती किंमत होती.

इंडिगोआधी वाट पाडली ती कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने. बंगळूर-हुबळी मार्गावर 2003 मध्ये सुरू झालेल्या या सेवेने देशातल्या मध्यमवर्गाला विमानात बसवलं. पण ती भांडवलाला कायम भुकेली राहिली. तिची 2006 ची समभाग विक्री मुदत वाढवून आणि किंमत उतरवून कशीबशी पार पडली आणि वर्षभरात मोठा हिस्सा विजय मल्ल्या यांच्या समूहाकडे गेला. देशांतर्गत पाच वर्षं उडाल्याशिवाय परदेशी उड्डाण नाही, असा तेव्हा नियम होता. डेक्कनच्या विमानांइतकाच तिचा हा उड्डाणकाळ खरेदीदाराच्या कामाचा होता.

पुढे मल्ल्यांच्याच किंगफिशरचं जे झालं ते मराठी वाचकाच्या अगदी अंगणातलं आहे. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखाली 17 बँकांनी कर्ज दिलं, व्याजासह थकबाकी 9,000 कोटींच्या वर गेली आणि ऑक्टोबर 2012 मध्ये विमानं जमिनीवर आली. तारण म्हणून बँकांकडे काय होतं? एक मोठा भाग होता ‘किंगफिशर’ या नावाचा! कंपनी उडत असताना त्या नावाची किंमत हजारो कोटींत मोजली गेली. 2016 मध्ये 366.70 कोटींच्या राखीव किमतीला ते लिलावात निघालं तेव्हा एकही बोली आली नाही. विलेपार्ल्याच्या किंगफिशर हाउसची राखीव किंमत 150 कोटींपासून उतरत गेली आणि 2021 मध्ये ती इमारत सुमारे 52 कोटींना गेली. गोव्यात कांदोळीचा बंगला 73 कोटींना विकला गेला. त्याहून गंभीर बाब 2011 ची आहे. त्या वर्षी बँकांनी कर्जाचा काही भाग बाजारभावापेक्षा बऱ्याच चढ्या दराने समभागांत बदलून घेतला. सरकारी बँकेत ठेव असलेला सांगलीचा किंवा परभणीचा खातेदार अशा रीतीने न विचारता एका विमान कंपनीचा भागीदार झाला.

गो फर्स्टची गोष्ट वेगळी आणि अधिक शिकवणारी. वाडिया समूहाची ही मुंबईची कंपनी सांभाळून वाढलेली होती. कर्जाला ठाण्यातल्या जमिनीचं तारण होतं आणि कोविडकाळात सरकारी हमीच्या योजनेतूनही तिला पैसा मिळाला. प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं वेळेआधी बिघडू लागली, निम्मा ताफा उभा राहिला, पण उभ्या विमानाचंही भाडं द्यावंच लागतं. 2 मे 2023 रोजी कंपनीने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. वित्तीय संस्थांची देणी 6,521 कोटी होती. दिवाळखोरी कायद्यानुसार वसुलीला स्थगिती मिळताच 54 विमानं जागच्या जागी अडकली. लेसर न्यायालयात गेले. उभ्या विमानांचे सुटे भाग गायब होत असल्याच्या तक्रारी झाल्या.

इथे एक तपशील नवख्या वाचकाने ध्यानात ठेवावा. विमानाची किंमत धातूइतकीच कागदांत असते. इंजिनातल्या ठरावीक आयुष्याच्या प्रत्येक भागाचा तो बनल्या दिवसापासूनचा लेखी इतिहास लागतो. नोंद तुटली की चांगला भागही कवडीमोलाचा ठरतो. म्हणून वर्षभर उभं राहिलेलं, कागद विस्कटलेलं विमान पाहून लेसर हादरतो आणि तो धसका पुढच्या भारतीय कंपनीच्या भाड्यात वसूल करतो.

विमानाच्या मालकाला त्याचं विमान विनाविलंब परत मिळावं यासाठी 2001 मध्ये केप टाउन इथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत 2008 मध्ये त्यात सामील झाला, पण त्याला देशातल्या कायद्याचं बळ दिलं नाही. किंगफिशर बुडाली, 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली, तरी ते राहूनच गेलं. गो फर्स्टनंतर ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून विमानांना स्थगितीतून वगळलं. एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गो फर्स्टच्या विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला आणि 2025 मध्ये संसदेने स्वतंत्र कायदाच केला. या कायद्याने भाडं उतरेल आणि नव्या कंपनीलाही विमान मिळणं सोपं होईल. तो हवाच होता. पण त्याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. लेसर विमान घेऊन गेला, की मागे उरलेल्यांना वाटून घ्यायला जवळजवळ काहीच राहत नाही. थकलेल्या पगारासाठी दारोदार फिरणारे किंगफिशरचे आणि जेटचे कर्मचारी महाराष्ट्राने पाहिले आहेत. त्यांची हक्काची जागा रांगेत कुठे, हा प्रश्न उरतोच. पुस्तकाने हा प्रश्न उचलून धरला आहे आणि त्यासाठी ते मोलाचं आहे.

रांगेत आणखीही काही जण असतात. आपण भांडवल पुरवतो आहोत हे त्यांना ठाऊकच नसतं. पहिला म्हणजे प्रवासी. दिवाळीचं तिकीट ऑगस्टमध्ये काढणारा तीन महिन्यांसाठी कंपनीला बिनव्याजी, बिनतारण कर्ज देत असतो. कंपनी बुडाली तर तो साध्या धनकोंच्या ओळीत जाऊन बसतो. कार्ड कंपन्या हुशार असतात. कंपनी डगमगताना दिसली की त्या प्रवास पूर्ण होईपर्यंत तिकिटाचा पैसा अडवून ठेवतात. अमेरिकेतल्या स्पिरिट एअरलाइन्सने तर 2020 मध्ये नियमित प्रवाशांची गुणयोजना आणि आपलं नाव गहाण टाकून 85 कोटी डॉलर उभे केले. नोव्हेंबर 2024 मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2025 मध्ये ती दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात गेली.

दुसरा अदृश्य भांडवलदार म्हणजे विमानतळ आणि त्यामागचं सरकार. बेल्जियममधल्या शार्लेरुआ विमानतळाने रायनएअरला दिलेल्या सवलती 2004 मध्ये युरोपीय आयोगाने अंशतः बेकायदा ठरवल्या. 2008 मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. गाव आपल्या पैशाने विमान बोलावतं तेव्हा ती गुंतवणूक असते की खैरात, हा वाद तिथे संपला नाही. तोच वाद उडान योजनेने आपल्याकडे आणला. मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार बसवून छोट्या मार्गांचा तोटा भरून काढायचा, अशी ती रचना. एप्रिल 2017 मध्ये पहिल्याच दिवशी सुरू झालेल्या मार्गांत नांदेड-हैदराबाद होता. तो चालवणारी ट्रूजेट 2022 मध्ये बंद पडली. सिंधुदुर्गात चिपीला ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईचं विमान मोठ्या थाटात उतरलं, पण अनुदानाची मुदत सरल्यावर ते टिकलं नाही. गोव्याची फ्लाय91 मात्र भाड्याच्या एटीआर विमानांनी पुण्याहून तिथे जाऊ लागली. अनुदानाने मार्ग सुरू होतो, पण विमानाचं भाडं अनुदान संपल्यावरही चालूच राहतं. छोट्या शहरांतल्या नेत्यांनी विमानतळाची मागणी करताना हे गणित समोर ठेवायला हवं.

मोठ्या कर्जाच्या जोरावर झेप घेणाऱ्यांचा तिसरा पंथ थोडक्यात सांगता येतो. नॉर्वेच्या नॉर्वेजियन या विमान कंपनीने 2012 मध्ये एकदम 222 विमानं मागवली, डब्लिनमध्ये स्वतःचीच लीजिंग कंपनी काढली आणि लांब पल्ल्याच्या स्वस्त सेवेत उडी घेतली. इंजिनांचे बिघाड, 2019 ची 737 मॅक्सवरची बंदी आणि शेवटी महामारी. लेसरांनी थकबाकीच्या बदल्यात समभाग घेतले आणि भाडं घेणारेच मालक झाले. मलेशियाच्या एअरएशियाने मात्र 2018 मध्ये आपली लीजिंग शाखा योग्य वेळी विकून पैसा मोकळा केला. टोनी फर्नांडिस यांनी 2001 मध्ये एअरएशिया कर्जासकट एका रिंगिटला घेतली होती.

हे सगळं आत्ताच वाचायचं कारण काय? गेल्या काही वर्षांत भारतीय कंपन्यांनी हजारावर विमानांच्या मागण्या नोंदवल्या आहेत. मुंबईत जन्मलेली अकासा 2022 मध्ये उडू लागली आणि दीड वर्षाच्या आत तिच्या एकूण मागण्या 200 च्या पुढे गेल्या. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे आणि त्याच्या धावपट्टीवर उतरणारी बहुतेक विमानं भाड्याचीच असणार. भाडं डॉलरमध्ये, सुटे भाग डॉलरमध्ये, तिकीट रुपयांत. इंडिगो सुरू झाली तेव्हा डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता, 2025 मध्ये तो 85 च्या पुढे गेला. एप्रिल 2019 पासून नव्या लेखामानकानुसार भाड्याची भावी देणी ताळेबंदात दाखवावी लागतात. त्यामुळे रुपया घसरला की विमान न हलताही कंपनीचा तोटा वाढतो. डब्लिनला जाणारं भाडं देशात राहावं म्हणून गुजरातच्या गिफ्ट सिटीत लीजिंग कंपन्यांना करसवलती दिल्या गेल्या आणि एअर इंडियाने आपलं पहिलं ए-350 तिथूनच घेतलं. पण लीजचा पत्ता बदलल्याने डॉलरची जोखीम जात नाही. ती पेलायला दीर्घ मुदतीचा रुपयातला पैसा लागेल, आणि तो विमा कंपन्या आणि पेन्शन फंडांकडेच आहे. म्हणजे पुन्हा सामान्य माणसाचाच. तो पैसा यायला हरकत नाही, पण किंगफिशरच्या वेळी झाला तसा नाममुद्रेच्या भरवशावरचा व्यवहार या वेळी होता कामा नये.

या पुस्तकाने यशोगाथा सांगण्याचा मोह टाळला आहे. कोणत्याही एका कंपनीचा हा गौरवग्रंथ नाही आणि शेअर कोणता घ्यावा याचा सल्लाही यात मिळणार नाही. एका विमानाचा पैसा मागणी नोंदवल्या दिवसापासून ते भंगारात जाईपर्यंत कुणाकुणाच्या हातून फिरतो आणि नुकसान झालं तर ते कुणाच्या पदरी पडतं, हे दाखवणं हा त्याचा उद्देश आहे. गुप्त ठेवल्या जाणाऱ्या खरेदी किमतींबाबत अंदाज बांधण्याऐवजी पुस्तकाने न्यायालयीन कागदपत्रं, माहितीपत्रकं आणि वार्षिक अहवाल यांच्यावर भिस्त ठेवली आहे. त्यामुळे काही ठिकाणी मजकूर जड होतो, पण विषयाला ते साजेसं आहे.

हिशेबाची सवय नसलेल्या वाचकाने पुस्तक बिचकून मिटू नये. पहिल्या वाचनात आकडे सोडून कंपन्यांच्या हकिगती वाचाव्यात. दुसऱ्या वाचनाला मात्र एखाद्या नोंदणीकृत विमान कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल शेजारी उघडून ठेवावा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. त्यातली रोकड, लीजची देणी आणि प्रवाशांकडून आगाऊ आलेली रक्कम हे तीन आकडे आधी शोधावेत, आणि मगच पुढच्या सुट्टीचं तिकीट किती महिने आधी काढायचं ते ठरवावं.